तीन पेडलं की दोन?

पत्र

सर, मी इचलकरंजीचा, वय २६. घरचा यंत्रमागाचा धंदा बघतो. नवी गाडी घ्यायची आहे. फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय हे नक्की झालंय, अडलंय गिअरबॉक्सवर. तेच इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि सात गिअरच्या डीएसजीतही, म्हणजे फोक्सवॅगनच्या ऑटोमॅटिकमध्ये. वर्षातून एक-दोनदा ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीला उतरायचं आहे, बाकी रोज घर ते कारखाना आणि महिन्यातून दोनदा पुणे. दादाकडे २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. तो म्हणतो, ऑटोमॅटिकने ड्रॅग मारणं म्हणजे मिक्सरवर पुरण वाटणं. पोळी होईल, पण चारचौघांत सांगायची नाही. मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, इकडे ड्रॅगवाले सगळे ऑटोमॅटिकच वापरतात, तेही दोन गिअरचे! दोन गिअरची गाडी सहा गिअरवालीला कशी मागे टाकेल? पुढे जमलं तर थोडं ट्यूनिंग करायचं मनात आहे. बाबांना ‘ऑटोमॅटिक ट्रॅफिकला बरी’ एवढंच सांगितलंय. रात्री बायपासवर मित्रांबरोबर थोडी प्रॅक्टिस चालू आहे. घरात रोज वाद. कुठली घेऊ?

— दोघांतला धाकटा

उत्तर

धाकट्या,

तुझ्या बाबांच्या वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतो.

बायपासवरची प्रॅक्टिस आजपासून बंद. हे पहिल्यांदा सांगतोय, कारण शेवटी सांगितलं तर तू तेवढंच गाळून वाचशील. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. पहिल्यांदा सापडलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा वर्षभरापर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेव. गळीत हंगामात रात्री अकराला बायपासच्या कडेला मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, हे इचलकरंजीच्या माणसाला मी सांगायचं का? शिवाय त्या प्रॅक्टिसचा उपयोग शून्य. फोनमधल्या ॲपचा आकडा, रस्त्याला कुठे चढ कुठे उतार, आणि शेजारी सुरुवातीला हात खाली करणारा तुझाच मित्र. त्यातून तू घाबरायचं कसं नाही एवढंच शिकतोयस, आणि ते शिकू नये असंच असतं.

आता मामेभावाकडे येऊ. तो खोटं बोलत नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोरची गाडी वेगळी आहे. दोन गिअरचा तो ऑटोमॅटिक म्हणजे पॉवरग्लाइड. १९५० साली शेवरलेटच्या घरगुती गाड्यांसाठी आला, १९७३ मध्ये कंपनीने बंद केला. बायकापोरांना घेऊन चर्चला जायची गाडी होती ती. आणि आज पन्नास वर्षांनंतरही अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर त्याच आराखड्याचे, आतून सगळं नवं आणि दणकट भरलेले पॉवरग्लाइड शनिवार-रविवारी धावतात.

का, ते नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. गिअर लागतात कशाला? इंजिनाचा जोर कमी पडतो म्हणून. आपल्या दीड लिटरच्या गाड्यांचा पहिला गिअर तीनच्या पुढे असतो, म्हणजे गिअरबॉक्सची चाकांकडची बाजू एकदा फिरायला इंजिनाकडची बाजू तीनदा-साडेतीनदा फिरते. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२. पण त्याला जोडलेलं असतं आठ सिलिंडरचं अगडबंब इंजिन, सात-आठशे अश्वशक्तीचं. त्याला जोर कमी पडायचा प्रश्नच नाही, जास्त झाला तर मागची चाकं जागच्या जागी धूर काढतात. म्हणून गिअर मुद्दाम कमी ठेवायचे. एकच बदल, आत फिरणारे भाग कमी, मोडायला जागा कमी. तुझ्या व्हर्टसला दोन गिअरचा डबा लावलास तर ती बैलगाडीसारखी निघेल. चुकलो, बैलगाडा शर्यतीतले बैल बरे निघतात.

दुसरं म्हणजे त्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेला डबा, इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, तेल दुसऱ्या बाजूची पाती ढकलतं. गाडी उभी असताना, म्हणजे दुसरी बाजू अडलेली असताना, हा डबा इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढवून देतो. म्हणजे सुरुवातीच्या क्षणी न दिसणारा एक जादाचा गिअरच. त्यावर कडी म्हणजे ट्रान्सब्रेक. पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गिअरबॉक्स स्वतःशीच अडकवून ठेवायचा. इंजिन पूर्ण घुमतंय, गाडी तसूभर हलत नाही, अंगठा बटणावर. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी गोफणीतून सुटल्यासारखी जाते. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनला हा ट्रान्सब्रेक थेट कारखान्यातून बसवून दिला होता. ८४० अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, मॅन्युअलचा पर्यायच नाही. पाव मैल ९.६५ सेकंदांत. शोरूममधून विकत मिळणारी गाडी, लक्षात घे.

पण ‘सगळे ऑटोमॅटिकच’ हे मामेभावाचं चुकलं. तिथे प्रो स्टॉक नावाचा गट १९७० पासून आहे. त्यात सुरुवातीला पायाखाली क्लच असतो आणि पुढचे गिअर चालकच टाकतो. रॉनी सॉक्स नावाच्या माणसाचं त्या जमान्यात नाव झालं ते चार गिअर हाताने बदलण्याच्या वेगावर. आणि सगळ्यात वेगवान जो गट, टॉप फ्युएल, सुमारे अकरा हजार अश्वशक्तीचा, त्याला गिअरबॉक्सच नसतो. इंजिनापासून मागच्या आसापर्यंत थेट, मध्ये फक्त टप्प्याटप्प्याने पकडत जाणारा क्लच. म्हणजे अगदी टोकाला गेलं की वादच मिटतो. तुझ्या घरचा मात्र मिटणार नाही.

आणखी एक गोष्ट मामेभावाने सांगितली नसणार, कारण तिकडच्या लोकांना ती गृहीत असते. अमेरिकेत हौशी लोक जे सर्वांत जास्त खेळतात ते ब्रॅकेट रेसिंग. तू आधीच काचेवर लिहायचं की माझी गाडी इतक्या सेकंदांत जाईल. हळू गाडीला दोघांच्या आकड्यांतल्या फरकाएवढा वेळ आधी सोडतात. लिहिलंस त्याहून जोरात गेलास तर बाद! तिथे जिंकतो तो सगळ्यात वेगवान नव्हे, तर दहा वेळा पळून दहाही वेळा तोच आकडा आणणारा. अशा खेळात माणसाचा डावा पाय म्हणजे अडचणच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या सीसीवर गट पडतात आणि कमी वेळवाला जिंकतो. त्यामुळे पॉवरग्लाइडचं कौतुक ऐकून व्हर्टसची डीएसजी बुक करू नकोस. दोघांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात इतकंच साम्य.

डीएसजीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. पंगतीत वाढणारे आठव. एकटा असला तर भाजी वाढून स्वयंपाकघरात जाणार, आमटीचं भांडं घेणार, परत येणार. तोवर पंगत हात धरून बसलेली. हे झालं मॅन्युअल. दोघे असले तर पहिला भाजी वाढत पुढे सरकतोय तोवर दुसरा आमटी घेऊन त्याच्या मागे उभाच. रोजच्या ट्रॅफिकमध्ये कधी कधी या दुसऱ्याचा अंदाज चुकतो, त्याने आमटी आणलेली असते आणि पानावरचा माणूस म्हणतो भात, म्हणून गाडी क्षणभर अडखळते. ड्रॅगमध्ये मात्र वरचाच गिअर लागणार हे ठरलेलं, अंदाज चुकायला वावच नाही. म्हणून पाव मैलात दोन क्लचचा गिअरबॉक्स सगळ्यात शहाणा दिसतो.

किती फरक पडतो? पोर्शचं उदाहरण स्वच्छ आहे, कारण गाडी तीच, ५१० अश्वशक्तीचं इंजिन तेच. ९११ जीटी३, ९९२ पिढीची. कंपनीचेच आकडे: शून्य ते शंभर, दोन क्लचच्या पीडीकेला ३.४ सेकंद, सहा गिअरच्या मॅन्युअलला ३.९. मॅन्युअल वजनाने थोडी हलकी आणि कमाल वेग ताशी दोन किलोमीटरने जास्त, तरीही शंभरपर्यंत अर्धा सेकंद मागे. आणि हे आकडे कंपनीचे, म्हणजे चालवणारा तुझ्या-माझ्यासारखा नसणार. दादाला हे दाखव, पण जेवताना नको.

आता तुझ्या गाडीचा हिशेब. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तुझी गाडी, आहे तशी, १६ ते १७ सेकंदांत जाईल असं धर, शेवटी वेग १३५–१४०. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायचे दोन, फार तर तीन. बदलताना समज ०.३ सेकंद इंजिन चाकांपासून सुटलं. इथे बरेचजण चुकीचा हिशेब करतात, की ताशी शंभरच्या वेगाला ०.३ सेकंदात आठ मीटर, म्हणजे आठ मीटर गेले. गेले कुठे? गाडी तेवढ्या वेळात पुढे जातेच की. हुकतो तो वेग, जो तेवढ्या वेळात वाढला असता. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तो असतो ताशी अडीच-तीन किलोमीटर. ही तूट पुढच्या सात-आठ सेकंदांत थोडी भरून येते, पण पूर्ण नाही. शेवटच्या रेषेवर ती होते चार-साडेचार मीटर. व्हर्टसची लांबी ४.५६ मीटर. म्हणजे एका गिअरला साधारण एक गाडीभर. शेजारच्या लेनमध्ये तुझंच इंजिन डीएसजीसह असेल आणि तू दोनदा गिअर बदललास, तर तिचा मागचा दिवा तुला दिसणार. हात कितीही चालाख असू दे.

पण हा हिशेब गाडी निघाल्यानंतरचा. ड्रॅग हरतात-जिंकतात ती त्याआधी, पहिल्या साठ फुटांत. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की साठ फुटांत एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात. आणि तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. जोर लावला की वजन मागे झुकतं, पुढची चाकं हलकी होतात, नेमकी तीच जी ओढणार आहेत. म्हणून तुझ्या गाडीत गिअरबॉक्सपेक्षा टायर मोठा प्रश्न आहे. हे तिघांपैकी कुणीच बोललेलं नाही, ना तू, ना दादा, ना मामेभाऊ.

मॅन्युअलमध्ये हे सगळं डाव्या पायाच्या पंजात येतं. अडीच-तीन हजार आरपीएम धरायचे, क्लच जिथे पकडायला लागतो तिथपर्यंत पटकन आणायचा आणि मग उरलेला दोन बोटांएवढा प्रवास मोजून सोडायचा. झटकन सोडलास तर चाक किंचाळतं. जास्त रेंगाळलास तर क्लचचा तो जळक्या दोरखंडासारखा वास. त्या दोन बोटांत एक सेकंद मिळवता येतो आणि एक सेकंद घालवताही येतो. डीएसजीत ते काम गाडी करते. दर वेळी बऱ्यापैकी, कधीच अप्रतिम नाही.

मी स्वतः तीन पेडलांवरच वाढलो आणि तीन पेडलांवरच तोंडघशी पडलो, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धावपट्टीवर माझी जुनी १.६ पेट्रोल घेऊन उतरलो होतो. पहिल्या फेरीत चांगला वेळ आला, म्हणून दुसऱ्या फेरीत हाताला मस्ती आली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जायचं, तर दांडा मधल्या फटीतून उजवीकडे यायच्या आधीच मी तो वर ढकलला. लागला पहिला. क्लच सोडला त्या क्षणी काटा लाल पट्टा ओलांडून जिथे आकडेच नव्हते तिथे गेला. लोक म्हणतात, रेव्ह लिमिटर असतो ना? असतो. तो पेट्रोल तोडतो. पण इथे इंजिनाला पेट्रोल पळवत नव्हतं, ताशी नव्वदने फिरणारी चाकं पळवत होती, त्यांना कोण तोडणार? व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले. आवाज असा, की स्टीलच्या डब्यात खिळे भरून कुणी हलवले. गाडी टेम्पोवर घालून घरी आणली. बायकोने एवढंच विचारलं, “हात तुझाच होता ना?” डीएसजीला मी तीच आज्ञा दिली असती तर तिने ऐकलीच नसती. हा ऑटोमॅटिकचा फायदा कुठल्याही जाहिरातीत नसतो.

आतापर्यंत वाचून तुला वाटत असेल की मी डीएसजीकडे नेतोय. तुझ्या पत्रात एक वाक्य नसतं तर नेलंच असतं. ते वाक्य म्हणजे ‘पुढे जमलं तर थोडं ट्यूनिंग करायचं मनात आहे’. मी अशी पत्रं पुष्कळ वाचलीत. ‘थोडं’ हा शब्द ज्यात आहे त्यांपैकी थोडक्यात थांबलेला मला एकही भेटलेला नाही.

व्हर्टसमधली सात गिअरची डीएसजी कोरड्या क्लचची आहे, तेलात बुडालेली नाही. तिची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. आता तुझ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर बघ: २५० न्यूटन-मीटर. म्हणजे कंपनीने भांडं काठोकाठ भरूनच दिलंय, वर थेंब टाकायला जागा नाही. ही मर्यादा केवळ कागदावरची नाही, आपल्याच बाजारात तिचा पुरावा होता. २०१६ ची स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय आठव. इंजिन एकच, १८० अश्वशक्ती दोघींना. मॅन्युअल सुपर्बला टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, आणि सात गिअरच्या डीएसजीवालीला २५०. महागड्या गाडीचा टॉर्क सत्तरने कमी, कारण गिअरबॉक्सला तेवढाच पेलतो. पुढे ऑक्टाव्हिया आरएस २३० आली तेव्हा तिचे ३५० न्यूटन-मीटर पेलायला तेलात बुडालेल्या क्लचची सहा गिअरची डीएसजी द्यावी लागली. ती वेगळी वस्तू. ड्रॅगवाल्या पोरांकडे ज्या डीएसजी ऑक्टाव्हिया बघून तू भाळला असशील त्या बहुतेक त्या जातीच्या.

कोरडा क्लच वाईट नसतो. कारखाना ते घर, पुणे-बंगळूर महामार्ग, यात तुझं आयुष्य सुखात जाईल. पण एका सकाळी ओळीने सहा वेळा दणक्यात निघणं हे त्याचं काम नाही, आणि रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, ३००–३२० न्यूटन-मीटरने निघणं तर नाहीच. आणखी एक: इंटरनेटवर बघून डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने ॲक्सिलरेटर देत उभा राहू नकोस. ते कन्व्हर्टरवाल्या अमेरिकन गाड्यांचं. तिथे तापतं तेल. इथे तापेल क्लच.

तेव्हा असं कर. इंजिनाला हात लावणार नाहीस हे स्वतःच्या मनाला नव्हे तर बाबांना शब्द देऊन सांगू शकत असशील, तर डीएसजी घे. पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीत दादाच्या डोळ्यांत भरेल असा वेळ आणशील. शब्द देता येत नसेल, तर मॅन्युअल घे. क्लच हा झिजणारा भाग आहे, तो जास्त पकडीचा बदलून घेता येतो. गिअरबॉक्सची सगळी बुद्धी तुझ्या हातात असल्याने सॉफ्टवेअरशी भांडण नाही. पहिलं वर्ष तू डीएसजीवाल्यांच्या मागे राहशील, हे आत्ताच मान्य कर. मला वाटतं तू मॅन्युअलच घेशील. उत्तर दादाच्या बाजूचं झालं, पण कारण दादाचं नाही, आणि हा फरक त्याला समजावून सांगितल्याशिवाय सोडू नकोस.

मॅन्युअलला जोरदार क्लच बसवशील तेव्हा एका माणसाची गोष्ट लक्षात ठेव. डॉन गार्लिट्स, अमेरिकन ड्रॅगमधलं सर्वांत मोठं नाव. मार्च १९७०, कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप. तेव्हा इंजिन पुढे आणि चालक मागे, दोन पायांच्या मध्ये गिअरबॉक्स. निघतानाच तो दोन गिअरचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन मागे नेण्याचा विचार पक्का केला, आणि १९७१ मध्ये तशी गाडी घेऊन तो जिंकायला लागला. आज टॉप फ्युएलच्या सगळ्या लांबलचक गाड्या त्याच घडणीच्या आहेत. तुझी गाडी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, मान्य. पण क्लच आणि फ्लायव्हील तुझ्याही पावलांपासून हातभर अंतरावरच फिरतात. त्या एका भागात घासाघीस करू नकोस. चाकं, सीट, स्टिकर यांत काय हवी ती कर.

बाबांचं राहिलं. त्यांना खरं सांग, आणि माझं कारण भावनिक नाही. आपल्या खाजगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगचाचणीसाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे धावपट्टीवर काही झालं तर दुरुस्तीचा खर्च घरचा. रीमॅप केल्यावर इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवरही पाणी सोडायची तयारी हवी. पैसे त्यांच्या धंद्यातून जाणार असतील तर ‘ट्रॅफिकला बरी’ एवढ्यावर त्यांना झोपवू नकोस. मॅन्युअल घरी आली की ती थाप तशीही उघडी पडेल.

पळायचं कुठे, तर जिथे एफएमएससीआयच्या, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाच्या, परवानगीने स्पर्धा होते तिथे. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅगची स्पर्धा भरत आली आहे, चेन्नईच्या सर्किटवरही ड्रॅगच्या फेऱ्या होतात. हेल्मेट, गाडीची तपासणी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, रुग्णवाहिका उभी. आणि खरा वेळ. पहिल्यांदा जाशील तेव्हा एक गंमत समजून घे, नाहीतर तुझा गोंधळ होईल. हिरवा दिवा लागल्यापासून तुझी गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात आणि पाव मैलाचा वेळ वेगळा. पाव मैलाचं घड्याळ सुरू होतं ते पुढचं चाक प्रकाशाच्या झोतातून बाहेर पडतं तेव्हा. म्हणजे तू हिरव्यावर अर्धा सेकंद झोपलास तरी फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर वेळ झकास येईल आणि शर्यत मात्र हरलेला असशील. घाई केलीस आणि हिरव्याच्या आधी हललास तर लाल, फेरी गेली. माझ्या पहिल्या फेरीत लालच लागला होता. वर मी आनंदाने हात हलवत शेवटपर्यंत गेलो.

जाण्याआधी पुढच्या टायरची हवा तपास, डिकीतलं सामान आणि स्टेपनी काढ, टाकीत गरजेपुरतंच पेट्रोल ठेव, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) बंद करून एक फेरी आणि चालू ठेवून एक फेरी मारून बघ. कुठल्यात साठ फूट कमी वेळात येतात ते स्लिपवर दिसेल. शेवटचा आकडा नंतर वाच, आधी तो.

आणि दादाचीही एन्ट्री भर. वीस वर्षांची आरएस, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. तुझ्याही व्हर्टसची १५० च. एकाच सकाळी, एकाच पट्टीवर दोघांनी चार-चार फेऱ्या मारा आणि आठही स्लिपा मला पाठवा, कुणाची कुठली ते मागे लिहून. पुरणाचं म्हणशील, तर आमच्या घरी वीस वर्षं झाली, मिक्सरवरच वाटतात. दादाला होळीला जेवायला घेऊन ये.